आधी स्वतःला टोचली, मग लोकांना! प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जी लस देतात, तिच्या बाटलीवर हाफकिन हे नाव अनेकांनी वाचलं असेल. मुंबईत परळला याच नावाची मोठी संस्था आहे. पण मुळात हे एका माणसाचं आडनाव. हा माणूस ना मराठी, ना इंग्रज, ना डॉक्टर. तरी आपल्या आजा-पणजाच्या काळात प्लेगच्या तावडीतून असंख्य लोक वाचले ते त्याच्यामुळं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, त्या वेळच्या रशियातल्या ओडेसा शहरातला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. शिक्षण प्राणिशास्त्राचं. धर्म बदलला असता तर तिथं वरची जागा मिळत होती. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. आधी जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथं सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयातलं. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

त्या काळात पटकी, म्हणजे कॉलरा, गावंच्या गावं ओस पाडत होता. हाफकिन यांनी त्यावर लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. मग १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

त्यांची खरी हुशारी पुढं दिसते. कलकत्त्याच्या एका झोपडपट्टीत पटकी पसरला होता. सुमारे २०० लोकांची वस्ती. त्यातल्या शंभरावर लोकांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. पाणी तेच, घाण तीच, घरं तीच. हाफकिन यांनी दोन्हींचा हिशोब ठेवला. पुढं पटकीनं जी माणसं दगावली, ती लस न घेतलेल्यांपैकी होती. औषध लागू पडलं असं नुसतं सांगून भागत नाही, ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं तेही सांगावं लागतं, हा त्यांचा नियम. आपण नवीन खत टाकताना चार सरी तशाच सोडतो, तसंच हे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून गावाकडं पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर आला. पुढच्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारी माणसं घरात घुसून झडती घेत, सामान बाहेर काढत. त्यामुळं सरकारी सुईवर विश्वास ठेवायचा कसा, हा लोकांपुढं प्रश्नच होता.

हाफकिन यांना मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला जागा मिळाली, तीही थोडकीच. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मटणाच्या रश्शासारख्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवायचे, मग तापवून मारायचे. मेलेल्या जंतूंची ही लस. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या १४७ कैद्यांना लस दिली, १७२ तसेच राहिले. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग दिसला, त्यांना वेगळं धरलं. बाकीच्यांचा हिशोब असा: लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघंही वाचले.

पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथं लस न घेतलेली २६ माणसं मेली, घेतलेली ३ मेली. एकाच छपराखालचा हा फरक होता. लस घेऊनही तीन माणसं गेली, हे त्यांनी लपवलं नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ लोकांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. सगळा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. ते डॉक्टर नव्हते, परदेशी होते, त्यामुळं आधीच अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. त्यांना कामावरून दूर केलं.

इथंही हिशोबच कामाला आला. मेलेल्या सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेले ८८ जण ठणठणीत होते. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. तेव्हाच जंतू शिरले असते तर ती नासून वास आला असता. उघडताना वास आला नव्हता. आणि बाटली उघडण्याचा चिमटा तिथंच जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हे सगळं समोर असूनही न्याय मिळायला पाच वर्षं लागली. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परत आले खरे, पण मुंबईची जागा दुसऱ्याकडं गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं आणि लसीचे मोठे प्रयोग पुन्हा करू दिले नाहीत. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

मंडळी, आज मोबाईलवर रोज एक रामबाण उपाय येतो. अमुक पाला खा, साखर जाईल. तमुक काढा प्या, मुतखडा पडेल. पुढं पाठवण्याआधी हाफकिन यांचाच प्रश्न विचारा. किती जणांनी घेतलं, किती जणांनी घेतलं नाही, आणि दोघांचं पुढं काय झालं? उत्तर नसेल तर तो मेसेज तिथंच थांबवा, आणि दुखणं असेल तर सरळ दवाखाना गाठा.