बुद्धवंदनेचे मास्तर

बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून तापकीर गल्लीकडे वळले की स्पीकर, वायरी आणि ॲम्प्लिफायरची दुकाने लागतात. कॅसेटच्या जमान्यात विहारासाठी वंदनेची कॅसेट आम्ही याच भागातून नेत असू. वेष्टनावर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कंपनीचे नाव ठळक अक्षरांत. संगीत कोणाचे, हे छापलेले नसे. आम्हीही कधी विचारले नाही. म्हणून आज मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्याविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८९८ चा, देवाच्या आळंदीचा. लहानपणीच नाटकात संत सखूची भूमिका करून ते गाजले. पुढे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य झाले, गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर राहिले आणि 'कान्होपात्रा'सारख्या नाटकांना त्यांनी संगीत दिले. बोलपट आले तसे ते प्रभात कंपनीत गेले. 'धर्मात्मा', 'अमरज्योति', 'माणूस', 'शेजारी' हे चित्रपट त्यांच्याच संगीताचे. बुधवार पेठेतले, अप्पा बळवंत चौकातले प्रभात थिएटर जुन्या पुणेकरांना आठवत असेल. १९४२ साली 'कुलवधू' नाटक आले आणि त्यातली ज्योत्स्ना भोळ्यांची पदे घरोघरी वाजू लागली. 'वंदे मातरम्' साठीही ते झटले. झिंझोटी रागात बांधलेली आपली चाल त्यांनी संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. ते राष्ट्रगीत झाले नाही, हा सल त्यांना असणारच.

बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती २५ डिसेंबर १९५४ रोजी. धम्माकडे येणाऱ्या लाखो लोकांना एकत्र म्हणता येईल अशी वंदना हवी होती, आणि मूळ पाली कोणाच्याच कानावर नव्हती. बाबासाहेबांनी हे काम मास्टर कृष्णरावांना सांगितले. आळंदीच्या ब्राह्मण घरातला, नाट्यपदांत आणि अभंगांत मुरलेला हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पाली प्रार्थनांचा अभ्यास करायला बसला. काम दिसते तितके सोपे नव्हते. ज्याला तान घ्यायची सवय, त्याला इथे तान आवरायची होती. गाणे न शिकलेल्या माणसालाही मागून म्हणता यावे, हीच खरी कसोटी. त्यात त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका निघाली.

खपाच्या कोणत्या यादीत ती पहिली आली, असे आम्ही म्हणणार नाही. तेव्हा लोकप्रियतेची यादी म्हणजे रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला, आणि तिथे हिंदी चित्रपटगीतेच. तबकड्यांच्या धंद्यावर दमदमच्या कारखान्याची, म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइसची पकड होती. मुंबईत १९३५ साली 'यंग इंडिया'सारखी स्वदेशी कंपनी निघाली, पण तीही दोन दशकेच टिकली. कॅसेट आली तेव्हा चित्र पालटले. ती काढायला मोठा कारखाना लागत नव्हता. छोट्या छोट्या कंपन्यांनी भीमगीते आणि वंदना काढल्या आणि त्या जयंतीला, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर फुटपाथवर हातोहात खपल्या. हा खप कोणी मोजला नाही. या कंपन्यांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मान्यच. पण कवी, संगीतकार आणि कोरसमधल्या गायकांची नावे गाळण्याची खोडही त्यांचीच.

मास्टर कृष्णराव नंतर पुण्यात भारत गायन समाजाचे काम पाहत राहिले. रागांच्या बंदिशी त्यांनी 'रागसंग्रह'च्या सात भागांत स्वरलिपीसह छापल्या. १९७१ साली पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरच्या लेखांत बालगंधर्व येतात, प्रभात येते, 'वंदे मातरम्' येते. बुद्धवंदना एका ओळीत उरकली जाते. आणि आपल्या लोकांच्या लिखाणात तर ती ओळही सापडत नाही. कोणाच्या घरी माळ्यावर ती जुनी तबकडी असेल, तर तिच्यावरचे लेबल आम्हाला बघायचे आहे.