वीर नरिमन

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर कुलाब्यापासून मलबार टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या अर्धवर्तुळाकार उपसागराला बॅकबे म्हणतात. या उपसागरातील पाणी हटवून तेथे जमीन तयार करण्याचे स्वप्न मुंबईच्या धनिकांनी आणि राज्यकर्त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्यासाठी कंपनी निघाली, तिचे समभाग आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांनी तेच स्वप्न सरकारने स्वतःच हाती घेतले. त्या वेळी पैसा धनिकांचा नव्हता, जनतेचा होता. तो कसा खर्च होतो आहे हे विचारण्याचा हक्क जनतेला आहे, हे ज्यांनी तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर असताना ठामपणे सांगितले, ते खुर्शेद फ्रामजी नरिमन होत.

नरिमन यांचा जन्म १८८३ साली ठाणे येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी वकिलीचा व्यवसाय पत्करला. साक्षीपुरावा, उलटतपासणी आणि कागदपत्रांची बारीक चिकित्सा यांत त्यांची बुद्धी विशेष रमे. मुंबईच्या पारशी समाजाने दादाभाई नौरोजी आणि फिरोजशहा मेहता यांच्यासारखे नेते देशाला दिले होते. तथापि नरिमन यांचा पिंड त्यांच्याहून वेगळा होता. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणात त्यांचे मन रमले नाही. सरकारशी समोरासमोर झुंजणे हाच त्यांचा स्वभाव होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते स्वराज्य पक्षाचे सभासद म्हणून मुंबईच्या विधिमंडळात काम करू लागले आणि तेथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या लढ्याला तोंड फुटले.

हा लढा समजून घ्यावयाचा तर त्याआधीची हकीकत पाहणे आवश्यक आहे. डिसेंबर १९१८ मध्ये सर जॉर्ज लॉइड हे मुंबईचे गव्हर्नर झाले. ते उत्साही होते, महत्त्वाकांक्षी होते आणि आपल्या कारकिर्दीची ठळक खूण या शहरावर उमटावी अशी त्यांची इच्छा होती. महायुद्धानंतर मुंबईत लोकसंख्या वाढली होती, घरे अपुरी पडत होती आणि जमिनीचे भाव भडकले होते. या परिस्थितीत १९२० साली विकास विभाग या नावाचे एक स्वतंत्र खाते निर्माण करण्यात आले. सर लॉलेस हेपर हे त्याचे प्रमुख होते. साडेसहा टक्के व्याजाचे कर्ज उभारण्यात आले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर कर बसविण्यात आला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथील कामगारांच्या चाळी याच विभागाने बांधल्या, बी.डी.डी. चाळी या नावात आजही त्याची आठवण शिल्लक आहे. परंतु विभागाचे खरे लाडके काम होते ते बॅकबेचे. तेथील १,१४५ एकर समुद्र हटवून त्या जागेचे आठ भाग पाडावयाचे आणि ती जमीन विकून कर्ज फेडावयाचे, असा हिशेब मांडला गेला होता.

कामाची पद्धत कागदावर सोपी होती. प्रथम समुद्रात दगडांची लांबलचक भिंत घालावयाची. त्यासाठी लागणारा दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने आणावयाचा. मग कुलाब्याच्या पूर्वेकडील बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजर नावाच्या प्रचंड जहाजाने उपसून, तो नळांतून कुलाब्याच्या जमिनीवरून पलीकडे, भिंतीच्या आतल्या बाजूस लोटावयाचा. मुख्य ड्रेजरला गव्हर्नरांचेच नाव देण्यात आले होते. या योजनेला तज्ज्ञ म्हणून दुजोरा देणारे अभियंते सर जॉर्ज बुकॅनन हे होते आणि पुढे याच कामासाठी सल्लागार म्हणून नेमलेल्या संस्थेतही तेच भागीदार होते. योजनेची शिफारस करणारा आणि तिच्यावर उपजीविका करणारा एकच असावा, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट त्या काळच्या कारभाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

प्रत्यक्षात मात्र समुद्राने कागदावरील हिशेब मानला नाही. ड्रेजरकडून अपेक्षेइतका चिखल निघेना. जो निघाला तो भिंतीच्या दगडांमधील फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. कांदिवलीच्या खाणीचे कामही रखडले. खर्चाचे मूळ अंदाज केव्हाच मागे पडले आणि नव्या अंदाजांवरही कोणाचा विश्वास बसेना. त्यातच युद्धानंतरची तेजी ओसरली आणि जमिनीचे भाव उतरले. जमीन विकून कर्ज फेडण्याचा जो पाया होता, तोच ढासळला. डिसेंबर १९२३ मध्ये लॉइड मायदेशी परतले. कर्ज आणि अर्धवट भिंत मुंबईकरांकडे राहिली.

या साऱ्या व्यवहारातील सर्वांत बोचणारी बाब म्हणजे त्याची गुप्तता. विकास विभाग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नेहमीच्या चौकटीबाहेर उभा केलेला होता. कोणती यंत्रसामग्री कोणत्या अटींवर घेतली, प्रत्यक्ष काम किती झाले आणि नोंद किती कामाची झाली, याची खरी माहिती बाहेर येत नसे. नरिमन यांनी नेमके येथेच बोट ठेवले. विधिमंडळात प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांनी सरकारला बोलते केले. विभागात केवळ चुका नव्हे, तर गैरव्यवहारही झाले आहेत, असा जाहीर आरोप त्यांनी केला. फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे क्रॉनिकल या दैनिकाने हा विषय उचलून धरला. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी त्या काळी या पत्राचे संपादक होते. सभागृहात झालेला प्रश्न दोन-चार दिवसांत विसरला जातो. परंतु तोच वृत्तपत्राच्या स्तंभांतून रोज घरोघर पोहोचू लागला म्हणजे त्याला टाळणे राज्यकर्त्यांना कठीण होते. बॅकबेच्या बाबतीत तसेच झाले. चिखल, भिंत आणि ड्रेजर हे रुक्ष विषय मुंबईच्या आगगाडीत आणि कचेऱ्यांत चर्चिले जाऊ लागले.

अखेर १९२६ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स हे तिचे अध्यक्ष होते. सभासदांमध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव होते आणि ते नाव वाचून अनेकांना धीर आला असल्यास नवल नाही. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले. १८८४ पासून सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातच सेवा केली होती. खडकवासल्याच्या धरणावर बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांचेच संशोधन. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९१८ मध्ये ते पद सोडून मोकळे झाले. सरकारी बांधकामांचा हिशेब कसा मांडतात आणि तो कोठे लपवितात, हे दोन्ही ज्याला ठाऊक आहे असा माणूस समितीवर आला होता.

समितीने योजनेतील दोष उघड केले आणि सर्व आठ भाग पुरे करण्याचा हट्ट सोडण्याचा सल्ला दिला. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे मधले चार भाग सोडून देण्यात आले. १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन प्रत्यक्षात तयार झाली. त्यातीलही मोठा भाग लष्कराकडे गेला.

समितीचे काम चालू असतानाच नरिमन यांच्यावर वेगळेच संकट ओढवले. विभागातील हार्वे नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद गुदरली. हार्वे-नरिमन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. अशा खटल्यात आरोपीची अडचण मोठी असते. आपले म्हणणे खरे आहे एवढे म्हणून भागत नाही, ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. आणि येथे पुरावा होता तो फिर्यादीच्याच खात्याच्या कपाटात. एखाद्याने शब्द मागे घेऊन सुटका करून घेतली असती. नरिमन यांनी तसे केले नाही. खटला लांबत गेला आणि मुंबईची वृत्तपत्रे त्याचे वृत्तांत छापीत राहिली. जे दडपावयाचे होते तेच न्यायालयाच्या दारी सर्वांसमक्ष उघड होऊ लागले. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. शहराने त्यांचा जयजयकार केला. त्यांच्या नावामागे लागलेली वीर ही पदवी लोकांनी दिलेली आहे, कोणा सरकारने नव्हे.

पुढील काळात त्यांनी मिठाच्या सत्याग्रहात मुंबईचे नेतृत्व केले, कारावास भोगला, मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताच्या पंतप्रधानपदी त्यांचीच निवड होईल असे पुष्कळांना वाटत होते. परंतु पक्षाने बाळ गंगाधर खेर यांची निवड केली. आपल्याला जाणूनबुजून डावलण्यात आले अशी नरिमन यांची भावना झाली आणि त्यांनी सरदार वल्लभभाई पटेल यांच्यावर उघड आरोप केला. महात्मा गांधी आणि कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांनी केलेल्या चौकशीत तो टिकला नाही. पक्षातील त्यांचे स्थान संपुष्टात आले. मौलाना आझाद यांनी पुढे आपल्या आत्मकथनात नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत नोंदविले आहे. इतर अनेकांना ते मान्य नाही. इतके मात्र खरे की, ज्या निर्भीड वृत्तीने परक्या सरकारला जेरीस आणले, तीच वृत्ती स्वपक्षात त्यांना महाग पडली. नंतर ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉककडे वळले. ऑक्टोबर १९४८ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

बॅकबेचे जे मधले भाग सरकारने सोडून दिले होते, त्यांपैकी काहींचे काम स्वातंत्र्यानंतर पुन्हा हाती घेण्यात आले आणि समुद्रातून वर आलेल्या त्या जमिनीवर उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या भागाला नरिमन पॉइंट असे नाव आहे. तेथून जवळच असलेला जुना चर्चगेट स्ट्रीट आता वीर नरिमन मार्ग या नावाने ओळखला जातो.