पॉल एर्लिक : रंगांतून रक्त वाचणारा डॉक्टर

पॉल एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या प्रशियातील स्ट्रेलेन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांना वेड होते ते कापड रंगवण्याच्या रंगांचे. एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला चिकटतो, शेजारच्या पेशीला नाही. असे का, या एका प्रश्नाने त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रक्ताचे थेंब काचेवर पसरून ते वेगवेगळे रंग वापरून पाहत. त्यातून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखता येऊ लागले. आम्लधर्मी रंग घेणाऱ्या त्या इओसिनोफिल आणि उदासीन रंग घेणाऱ्या त्या न्यूट्रोफिल. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवले, तेव्हा ते रंगवण्याची अधिक चांगली पद्धत एर्लिक यांनीच शोधली. पुढे त्यांना स्वतःलाच क्षय झाला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

त्यानंतर ते प्रतिपिंडांकडे, म्हणजे अँटिबॉडींकडे वळले. घटसर्पावरील रक्तद्रवाची ताकद मोजण्याची खात्रीची पद्धत त्यांनी बसवली. प्रतिपिंड आणि त्याचे लक्ष्य कुलूप-किल्लीसारखे जुळतात, असा सिद्धांत मांडला. १९०८ साली त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. सिफिलिसवरचे साल्व्हर्सान हे औषधही त्यांच्याच प्रयोगशाळेतले.

पण त्यांच्या एका प्रयोगाचा परिणाम विलक्षण लांबला. शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले, तर परक्या तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड तयार होत. स्वतःच्या पेशी मात्र सुरक्षित राहत. स्वतःवरच विष उलटू नये यासाठी शरीरात काही बंदोबस्त असला पाहिजे, असे त्यांनी १९०१ च्या सुमारास मांडले. हा बंदोबस्त ढासळू शकतो, हे त्यांनी नाकारले नव्हते. पण पुढच्या अनेकांनी त्याचा अर्थ 'असे घडतच नाही' असा घेतला. स्वतःविरुद्धच्या प्रतिपिंडाचे एक उदाहरण १९०४ मध्येच नोंदले गेले होते. तरी ही कल्पना सर्वमान्य व्हायला १९५० चे दशक उलटावे लागले. एर्लिक १९१५ मध्येच निवर्तले होते.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या दाहाच्या काही रुग्णांत न्यूट्रोफिलविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. १९८५ मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी त्यांचा संबंध लहान रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजाराशी जोडला. हीच आजची 'ॲन्का' चाचणी. एर्लिक यांनी ओळखलेली पेशी आणि त्यांनी अभ्यासलेले प्रतिपिंड इथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. न्यूट्रोफिलमधील पीआर-३ किंवा एमपीओ या प्रथिनांवर प्रतिपिंड बसतात, पेशी भडकते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीलाच इजा करते. नाकातून रक्ताळ खपल्या, खोकल्यातून रक्त, लघवीत रक्त व प्रथिने अशी लक्षणे दिसतात. उपचार लांबले तर मूत्रपिंडे काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात.

चाचणीच्या मूळ पद्धतीत रुग्णाचा रक्तद्रव काचेवरच्या न्यूट्रोफिलवर टाकतात आणि चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंड कुठे बसले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आता पीआर-३ आणि एमपीओविरुद्धचे प्रतिपिंड थेट मोजताही येतात.

मात्र अहवाल 'पॉझिटिव्ह' म्हणजे आजार नक्की, असे नाही. क्षयासारख्या संसर्गात, काही औषधांमुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट काही रुग्णांत आजार असूनही ती निगेटिव्ह असते. खोकल्यातून रक्त आणि फुप्फुसातील पोकळी दोन्ही आजारांत दिसतात, आणि दोघांचे उपचार अगदी वेगळे. त्यामुळे थुंकीत क्षयाचे जंतू शोधणे, लघवी व क्रिएटिनिन तपासणे आणि गरज पडल्यास बाधित अवयवाचा तुकडा पाहणे, हे सगळे ॲन्काच्या जोडीने करावे लागते. थुंकीतले जंतू शोधण्याची ती रंगपद्धतही एर्लिक यांच्याच पद्धतीतून पुढे आलेली आहे.