तेविसाव्या वर्षीं पाळक झालेले रॉबर्ट मरे मॅक्शेन

खेडेगांवच्या एखाद्या मंडळींत नवा पाळक नेमला जातो, आणि तो वयानें लहान असला म्हणजे देवालयाच्या ओट्यावर लगेच चर्चा सुरू होते. ह्याला अजून मिसरूड फुटलेलें नाहीं, हा लोकांच्या घरांतील तंटे काय मिटविणार, मरणोन्मुख म्हाताऱ्याच्या उशाशीं बसून त्याला काय धीर देणार, असें वृद्ध लोक म्हणतात. उलट त्या तरुण सेवकाच्या मनांत येतें कीं, आपण सेमिनरींत शिकून आलों, आतां ह्या अडाणी लोकांपासून आपणांस काय शिकावयाचें उरलें आहे? ह्या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत हें पाहण्यास स्कॉटलंडांतील एका पाळकाचें चरित्र उपयोगी पडेल, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

रॉबर्ट मरे मॅक्शेन यांचा जन्म ता. २१ मे १८१३ रोजीं एडिंबरो शहरांत झाला. त्यांचे वडील वकिलीच्या धंद्यांत होते व घरची स्थिति चांगली होती. भावंडांत रॉबर्ट सर्वांत धाकटे. चित्रें काढणें, कविता करणें, मेजवान्या व नाच यांत त्यांचा वेळ मजेंत जाई. त्यांचे थोरले बंधु डेव्हिड हे मात्र मोठे देवभक्त होते, व ह्या धाकट्या भावाच्या तारणाविषयीं ते फार कळकळीनें प्रार्थना करीत. ता. ८ जुलै १८३१ रोजीं डेव्हिड वारले. ह्या मृत्यूनें अठरा वर्षांच्या रॉबर्टचें मन हालून गेलें, आणि ज्या प्रभूला आपला भाऊ भजत असे त्याच्याकडे तें वळूं लागलें. त्याच वर्षीं हिवाळ्यांत त्यांनीं धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठीं एडिंबरोच्या विद्यापीठांत नांव घातलें.

तेथें त्यांस डॉ. थॉमस चामर्स हे गुरु लाभले. ह्या गुरूंचीही हकीकत येथें सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या विषयाला लागून आहे. चामर्स हे १८०३ सालीं किल्मनी नांवाच्या खेड्याचे पाळक झाले. तेव्हां त्यांचें वय तेवीसच होतें. परंतु त्यांचें सर्व लक्ष गणितशास्त्राकडे होतें. आठवड्यांतील दोन दिवस मंडळीला दिले म्हणजे पुरे, बाकीचे पांच दिवस पाळकानें आपल्या आवडत्या विद्येंत खुशाल घालवावे, असें त्यांनीं छापून प्रसिद्धही केलें. पुढें मोठ्या दुखण्यांत त्यांस आपली खरी स्थिति समजून आली व त्यांचें अंतःकरण पालटलें. १८२५ सालीं स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेंत कोणी त्यांचें तें जुनें लिखाण पुढें आणलें, तेव्हां त्यांनीं सर्वांसमक्ष आपली चूक पदरीं घेतली. असा मनुष्य आतां तरुणांस शिकवीत होता. तो विद्यार्थ्यांस केवळ पुस्तकें वाचावयास लावून थांबत नसे; शहरांतील अगदीं दरिद्री वस्त्यांतून घरोघर जाण्यास सांगे. मॅक्शेन ह्या वस्त्यांत जाऊं लागले, आणि आपल्या घरापासून जवळच इतके लोक देवाला न ओळखतां मरत आहेत हें पाहून त्यांस फार दुःख झालें.

१ जुलै १८३५ रोजीं त्यांस उपदेश करण्याचा परवाना मिळाला, व त्याच वर्षीं लार्बर्ट व ड्यूनिपेस ह्या जोडमंडळ्यांत रेव्ह. जॉन बोनार ह्या अनुभवी पाळकाच्या हाताखालीं ते मदतनीस झाले. जवळच कॅरन येथें लोखंडाचा मोठा कारखाना होता, व कोळशाच्या खाणींतील मजूरही त्या भागांत पुष्कळ होते. मॅक्शेन एक वही ठेवीत. आज कोणाच्या घरीं गेलों, आजारी कोण, त्यास शास्त्रांतील कोणता भाग वाचून दाखविला, त्यानें तो कसा ऐकला, हें सर्व ते तींत टिपून ठेवीत, म्हणजे पुढच्या भेटींत बोलणें तेथूनच पुढें चालावें. थोड्याच दिवसांत खोकल्यानें त्यांस बिछान्यावर पाडलें, व आपलें शरीर नाजूक आहे हें तेव्हांच त्यांस कळून चुकलें. हिंदुस्थानांतून परत गेलेले मिशनरी डॉ. अलेक्झांडर डफ यांचें भाषण ऐकण्यास ते स्टर्लिंग येथें गेले होते, आणि प्रभूनें बोलाविल्यास आपणही पूर्वेकडे जावें असें त्यांच्या मनानें घेतलें होतें.

परंतु बोलावणें आलें तें डंडी शहरांतून. तेथें सेंट पीटर नांवाचें नवें देवालय बांधलें गेलें होतें. मंडळीपुढें जे उमेदवार होते त्यांत मॅक्शेन यांचे दोन जिवलग मित्र, अँड्र्यू बोनार व अलेक्झांडर सॉमरव्हिल हेही होते, आणि आपल्यापेक्षां ते दोघे अधिक लायक आहेत असें मॅक्शेन यांस मनापासून वाटे. लोकांनीं मॅक्शेन यांसच निवडलें. ता. २४ नोव्हेंबर १८३६ रोजीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. वय तेवीस. नदीच्या पलीकडे थोड्याच कोसांवर किल्मनी गांव होतें. त्याच वयाचा एक पाळक तेथें दोन दिवसांचें काम करून समाधान मानीत होता. आणि हा एक पाळक येथें आपला सर्व वेळ मंडळीला देऊं लागला. दोघांचें वय सारखेंच. म्हणून पाळकाचें बरेंवाईट वयावरून ठरत नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

डंडी हें गिरण्यांचें शहर. सेंट पीटरच्या हद्दींत सुमारे चार हजार लोक राहत, व त्यांतील पुष्कळांनीं देवालयाचें दार कधीं पाहिलें नव्हतें. मॅक्शेन पहाटे उठून प्रथम प्रार्थना व शास्त्रवाचन करीत, मग लोकांकडे जात. दर गुरुवारीं संध्याकाळीं त्यांनीं प्रार्थनासभा सुरू केली, शब्बाथ शाळा वाढविल्या. काम थोडें व पगार अधिक अशी स्कर्लिंग येथील खेड्याची जागा त्यांस देऊं केली गेली. ती त्यांनीं घेतली नाहीं. मात्र एक दोष आम्ही झांकून ठेवीत नाहीं. शरीर अशक्त असतां ते शक्तीबाहेर काम अंगावर घेत. तरुण माणसाला आपलें बळ संपणार नाहीं असें वाटतें. १८३८ सालाच्या अखेरीस त्यांची छाती इतकी धडधडूं लागली कीं, काम सोडून त्यांस आईबापांच्या घरीं जाऊन पडावें लागलें.

त्या काळीं स्कॉटलंडची मंडळी यहुदी लोकांची स्थिति पाहण्यासाठीं पॅलेस्टाइन देशीं कांहीं पाळक पाठविणार होती. हवापालट होईल म्हणून मॅक्शेन यांस त्यांत घेतलें, व १८३९ च्या वसंत ऋतूंत ते निघाले. मागें मंडळी सांभाळण्यास विल्यम चामर्स बर्न्स नांवाचे तरुण आले. ते चोवीस वर्षांचे, म्हणजे मॅक्शेनपेक्षांही लहान. प्रवासांत स्मर्ना शहराजवळ मॅक्शेन तापानें मरणाच्या दारीं पोंचले, आणि त्या बिछान्यावरही आपल्या डंडीच्या कळपासाठीं ते प्रार्थना करीत होते. इकडे ऑगस्ट महिन्यांत बर्न्स यांच्या उपदेशानें त्याच कळपांत मोठी आत्मिक जागृति झाली. लोक पापांसाठीं रडूं लागले, देवालय रोज रात्रीं भरूं लागलें. नोव्हेंबरांत मॅक्शेन परत आले, तेव्हां मंडळींत दर आठवड्यास एकोणचाळीस प्रार्थनासभा चालत होत्या, व त्यांतील पांच सभा तर लहान मुलें आपल्या आपणच चालवीत.

आमच्या मतें मॅक्शेन यांची खरी परीक्षा ह्या वेळीं झाली. सुमारे दोन वर्षें नांगरणी व पेरणी त्यांनीं केली, आणि कापणी दुसऱ्याच्या हातून, तोही आपल्याहून लहान, अशाच्या हातून झाली. अशा वेळीं पाळकाच्या मनांत मत्सराचा कांटा शिरण्यास किती वेळ लागतो, हें आम्हां पाळकांस चांगलें ठाऊक आहे. मॅक्शेन यांनीं देवाचे आभार मानले, बर्न्स यांच्याशीं बंधुप्रेम ठेविलें, आणि पुढें दोघेही एकमेकांस मदत करीत राहिले. हेच बर्न्स १८४७ सालीं चीन देशांत मिशनरी म्हणून गेले व १८६८ सालीं तेथेंच वारले.

१८४२ च्या डिसेंबरांत मॅक्शेन यांनीं मंडळीसाठीं शास्त्रवाचनाचा एक तक्ता तयार केला. त्याप्रमाणें वर्षांत जुना करार एकदां, आणि नवा करार व स्तोत्रें दोनदां वाचून होतात. पुष्कळ ख्रिस्ती लोक अद्यापि तो वापरतात. १८४३ च्या फेब्रुवारींत उत्तरेकडे तीन आठवडे फिरून त्यांनीं चोवीस ठिकाणीं उपदेश केला. ते परत आले तों शहरांत टायफस तापाची साथ होती. आजाऱ्यांच्या घरीं जातां जातां त्यांसही ताप आला, आणि ता. २५ मार्च रोजीं ते प्रभूकडे गेले. तिसावें वर्ष पुरें होण्यास दोन महिने उरले होते. सेंट पीटरच्या अंगणांतच त्यांस पुरलें. पुढच्या वर्षीं अँड्र्यू बोनार यांनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि त्यामुळें सहा वर्षांच्या त्या पाळकपणाची माहिती दूरदूरच्या देशांत पोंचली.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. तारुण्यानें कांहींच फरक पडत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तरुण मनुष्य घाई करतो, शरीराची कदर करीत नाहीं, व त्याला अनुभव थोडा असतो. म्हणूनच मॅक्शेन यांस चामर्स व जॉन बोनार यांच्यासारख्या वडील माणसांची गरज होती, आणि ह्या वडिलांनीं त्यांस लहान म्हणून दूर सारलें नाहीं, तर हाताशीं धरून शिकविलें. पौलानें तीमथ्याला असेंच वागविलें होतें. तेव्हां मंडळीच्या वडिलांनो, तुमच्या गांवीं तरुण पाळक आला तर त्याचें वय मोजण्याआधीं त्याला बरोबर घेऊन घरोघर जा. कोणत्या घरांत कोणतें दुःख आहे तें तुमच्यावांचून त्याला कोण सांगणार? आणि तरुण बंधूंनो, तुम्हीही एक वही ठेवा, आजाऱ्याचें घर चुकवूं नका, वृद्धांस विचारण्याची लाज धरूं नका, आणि तुमच्या शेतांत दुसऱ्यानें कापणी केली तर त्याच्याबरोबर आनंद करा.