दाराशी आलेले काम

सन १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात सत्तावीस वर्षांची एक आयरिश तरुणी मद्रासमार्गे बंगळूरकडे निघाली. बंगळूरच्या झनाना मिशनच्या इस्पितळात राहून सेवा करावी, अशी तिची नेमणूक होती. परंतु आल्या आल्याच डेंग्यूच्या तापाने तिला गाठले आणि जी शुश्रूषेसाठी आली होती तिचीच शुश्रूषा इतरांना करावी लागली. हीच तरुणी पुढे दक्षिण भारतात ‘अम्मा’ म्हणून ओळखली गेली. तिचे नाव अ‍ॅमी कारमायकेल.

बंगळूरचे हे आजारपण त्यांच्या मार्गातील पहिला अडथळा नव्हता. १८६७ साली आयर्लंडमधील मिलाइल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. सात भावंडांत त्या थोरल्या. वडील १८८५ साली वारले. बेलफास्टच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब मुलींमध्ये त्यांनी काही वर्षे काम केले. १८९२ मध्ये परदेशी जाण्याचे पाचारण त्यांना झाले, पण चीनला जायचे ठरवावे तो प्रकृतीच्या कारणावरून त्यांना नकार मिळाला. १८९३ मध्ये त्या जपानला गेल्या. तेथे डोकेदुखीने व मज्जातंतूंच्या वेदनांनी त्या हैराण झाल्या. तेथून सिलोन, आणि सिलोनहून परत मायदेश. बंगळूरची हवा मानवेल, असे तेथील एका मैत्रिणीने कळविले म्हणून त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली, आणि त्या मानवणाऱ्या हवेच्या गावीही पहिले दिवस तापातच गेले!

बरे वाटू लागल्यावरही मन रमेना. छावणीतल्या गोऱ्या मंडळींच्या राहणीत त्यांचा जीव गुदमरे. तमिळ भाषा शिकावी तर प्रगती संथ. घोड्यावर बसून भरधाव रपेट करणे एवढाच काय तो विरंगुळा. ते वर्ष वाया चालले आहे, असे कोणालाही वाटले असते. १८९६ च्या उन्हाळ्यात उटकमंड येथे टॉमस वॉकर या मिशनऱ्यांची गाठ पडली. ते तमिळचे जाणकार. प्रथमदर्शनी अ‍ॅमीबाईंना ते मुळीच आवडले नाहीत, तरी भाषा शिकण्यासाठी त्यांच्यासोबत तिरुनेलवेली जिल्ह्यात जाण्याचे त्यांनी मान्य केले. वर्षअखेर बंगळूर सुटले.

तिरुनेलवेलीत मात्र हवे ते काम मिळाले. पोन्नम्माळ आदी तमिळ भगिनींचे पथक घेऊन, अंगावर साडी नेसून, बैलगाडीतून गावोगाव शुभवर्तमान सांगत त्या हिंडू लागल्या. आता स्थिरस्थावर झाले असे वाटते न वाटते तोच, मार्च १९०१ मध्ये पन्नैविलै येथे एका सकाळी सात वर्षांची एक मुलगी त्यांच्या दाराशी आणली गेली. तिचे नाव प्रीना. देवळाला वाहण्यासाठी ठेवलेली ही पोर पूर्वी एकदा पळून आईकडे गेली होती. आईने तिला परत सोपविले आणि शिक्षा म्हणून तिच्या हातांवर डागण्या देण्यात आल्या. ती दुसऱ्यांदा पळाली आणि सरळ अ‍ॅमीबाईंच्या मांडीवर येऊन बसली. अशा मुलींचे पुढे काय होते, हे तिच्याच तोंडून त्यांना कळले.

एका मुलीपाठोपाठ दुसरी आली, मग तान्ही बाळे येऊ लागली. येथे खरा पेच पडला. बाळाला दूध पाजायचे, रात्रभर जागायचे, दुपटी धुवायची. मग गावोगावचा प्रचार कोणी करायचा? ज्या कामासाठी घर सोडले, देश सोडला, ते टाकून दाई व्हायचे काय? हा प्रश्न त्यांनी हलकेच झटकून टाकला नाही. आपला प्रभू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला होता, हे चित्र त्यांच्या मनापुढे उभे राहिले आणि त्यांनी प्रचाराचे दौरे आटोपते घेतले. याईराच्या घरी जाण्याची घाई असताना वाटेत त्या रक्तस्रावी स्त्रीसाठी थांबणारा येशू आपण वाचतो खरा. पण आपल्या स्वतःच्या दाराची कडी वाजली की कपाळाला आठ्या पडतात. थोड्याच वर्षांपूर्वी आपल्या पंडिता रमाबाईंवरही असाच प्रसंग आला होता. पुण्यातील शारदा सदनाचे काम चालू असता १८९६-९७ च्या दुष्काळातील अनाथ मुली त्यांच्यापुढे येऊन ठाकल्या आणि त्यातून केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले.

अ‍ॅमीबाईंचा संसार दोहनावूर या खेड्यात वाढला. १९१८ पासून मुलगेही घेण्यात येऊ लागले. देवळांना मुली वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात कायद्याने बंद झाली ती १९४७ साली, त्यासाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्यांनी दीर्घकाळ झुंज दिली.

२४ ऑक्टोबर १९३१ रोजी अ‍ॅमीबाई जवळच्या कळक्काड गावी नवे घर पाहावयास गेल्या. आपल्याला अधिक उपयोगी बनविण्यासाठी देवाने हवे ते करावे, अशी प्रार्थना त्यांनी त्याच सकाळी केली होती. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तेथे खणलेला खड्डा दिसला नाही. त्यात पडून पाय मोडला. काही आठवड्यांत उठू असे वाटले होते. पुढची जवळजवळ वीस वर्षे त्या एका खोलीतच राहिल्या. १९४८ साली खोलीतच पुन्हा पडल्या आणि अंथरूण कायमचे झाले.

त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून सर्वांनी प्रार्थना केल्या, पण त्या बऱ्या झाल्या नाहीत. वेदना गोड झाल्या, असे त्यांनी कधी भासविले नाही. धडधाकट माणसांनी लिहिलेली सांत्वनपर पत्रके आजाऱ्याच्या मनाला भिडत नाहीत, हे त्यांना त्या खोलीत कळले. म्हणून एका आजाऱ्याने आजाऱ्यांना लिहावे तशी पत्रे त्यांनी लिहिली. ती ‘रोझ फ्रॉम ब्रायर’ या नावाने १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. आणखीही बरीच पुस्तके त्याच अंथरुणावर लिहून झाली. मुले एकेक करून भेटावयास येत. लिहिता लिहिता कितीदा तरी लेखणी खाली ठेवावी लागत असेल.

१८ जानेवारी १९५१ रोजी त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. १८९५ नंतर त्या एकदाही मायदेशी गेल्या नव्हत्या. कबरेवर दगड बसवू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. मुलांनी तेथे पाखरांसाठी पाण्याचे एक पात्र ठेवले आणि त्यावर एकच शब्द कोरला : अम्माई.