पुण्यतिथी विशेष : न विचारता जमीन खोदली, म्हणून मुळशीत उभे राहिलेले सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत, पण ‘सेनापती’ ही पदवी त्यांना कुठल्या फौजेने दिलेली नाही. ती मिळाली मुळशीच्या डोंगरात, भातशेती करणाऱ्या मावळ्यांच्या लढ्यात.

जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिक्षण झालं आणि शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनिअरिंग शिकायला एडिंबराला गेले. तिथे इंग्रज राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून १९०८ साली ते परतले. काही वर्षं भूमिगत राहिले, पकडले गेले, पुराव्याअभावी सुटले. पारनेरला आल्यावर हातात झाडू घेऊन रस्ते साफ करू लागले. विलायतेला जाऊन आलेला माणूस गल्ली झाडतोय, हे गावाला नवलच होतं.

त्याच सुमारास सह्याद्रीत टाटांच्या कंपनीची जलविद्युत कामं चालू होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण बांधायचं, पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज तयार करायची, अशी योजना होती. योजना हुशारीची होती यात वाद नाही. पण त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती, आणि त्या गावांना कुणी काही विचारलंच नाही.

जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने शेतात चर खणायला सुरुवात केली. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तर कंपनीच्या गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. बोलणीची सुरुवात अशी झाल्यावर पुढे काय होणार!

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे, बायाबापड्यांसकट, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मजुरांनी हत्यारं खाली ठेवली आणि काम बंद पडलं. बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त टाटांना सुचवलं, की कायद्याच्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा लोकांशीच बोलून त्यांची समजूत घाला.

तसं झालं नाही. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला आणला आणि मोबदला देऊन जमिनी घ्यायची वाट मोकळी केली. खरी गोम इथेच होती. पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या जमीनदार-सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा, पण सातबाऱ्यासारख्या कागदावर नाव दुसऱ्याचं. कागदवाल्यांना पैसा चालत होता, कसणाऱ्याला जमीन हवी होती. चळवळीत फूट पडली. पुढाऱ्यांपैकी बरेच जण मोबदल्याच्या बाजूला झुकले, बापट मावळ्यांकडेच राहिले. ज्याचं घर बुडणार त्याच्याशी बोलायचं सोडून ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्याशी सौदा होतो, ही गोष्ट आजही कुणाला नवी वाटू नये.

पुढची तीन वर्षं कामावर जाऊन बसायचं, पकडलं जायचं, सुटून आलं की परत बसायचं, असं चाललं. बापट तुरुंगात गेले, परत आले, पुन्हा गेले. धरण मात्र वर चढत होतं. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या रुळांवर दगड टाकून गाडी अडवली आणि पिस्तूलही चालवलं. जीव घ्यायचा नाही, काम अडवायचं आणि शिक्षा निमूट भोगायची, असा त्यांचा हिशोब. याला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. गांधीजींना हा मार्ग कधीच पटला नाही, आणि गोळी सुटली की कुठे लागेल याची हमी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

ते आत असतानाच, १९२७ साली, मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याची वीज सुरू झाली. मावळे मिळेल तिकडे पांगले.

१९३१ ला बापट बाहेर आले. नंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा तुरुंग, गोवामुक्तीचा लढा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, आणि झाडूही सुटला नाही. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले, तेव्हा वय ८७ होतं. मुळशीचं पाणी आजही भिऱ्यालाच उतरतं, वीज करून कुंडलिका नदीला मिळतं.