सुभेदार रामजी : फौजेतले मास्तर, घरातले बाप

कन्नडच्या आमच्या अभ्यासिकेत सुभेदार रामजी सकपाळ कोण, असं विचारलं की पोरं लगेच सांगतात, बाबासाहेबांचे वडील. ते काम काय करायचे? इथं बहुतेक जण थांबतात. फौजेत होते, एवढंच ठाऊक असतं. २ फेब्रुवारीला त्यांचा स्मृतिदिन येतो आणि बहुतेक ठिकाणी फोटोला हार घालून संपतो, म्हणून हे लिहितेय.

रामजी फौजेतले शिक्षक होते. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजीही लष्करातच. त्या काळी छावणीत शिपायांच्या मुलामुलींसाठी दिवसा आणि मोठ्या माणसांसाठी रात्री शाळा भरायची, आणि शिकणं सक्तीचं असायचं. गावच्या शाळेत ज्यांना पायरी चढू देत नव्हते, त्या महारांच्या घरात अक्षर आलं ते असं. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचं शिक्षण घेतलं, १४ वर्षं मुख्याध्यापकी केली आणि सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले भीमराव हे रामजी-भीमाबाईंचं चौदावं अपत्य.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. रामजींची स्वतःची नोकरी त्याने जाणार नव्हती. पण समाजाची शाळाच बंद होत होती, हे या मास्तरांना कळलं. या बंदीविरुद्धच्या अर्जासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. बंदी तेव्हा उठली नाही. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यासाठी सरकारकडे आग्रह धरणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता.

निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम म्हणून तलाव खोदला जात होता, तिथं रामजी खजिनदार झाले. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, ते छोट्या भीमाला अजिबात आवडलं नव्हतं. देव्हाऱ्यात बसवायचा माणूस नव्हे हा, आपल्या घरातल्यासारखाच बाप आहे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आलं. एकच खोली. रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींच्या घरी जायचे. लेक अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सुटायचा. आनंदरावांचं शिक्षण थांबवून त्यांना नोकरीला लावलं. एका मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना या भावाबहिणींची नावं आपण फार क्वचित घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आजही धाकट्याच्या फीसाठी थोरल्या बहिणीची शाळा सुटते, ते मी रोज पाहते.

रामजी कबीरपंथी. घरात पाठांतर कडक, रामायण-महाभारतही वाचून घेत. भीमरावांनी विचारलं, यात आपल्या माणसांची अवहेलनाच आहे, मग का वाचायचं? कर्णासारखी साध्या घरातली माणसं केवढी मोठी झाली ते कळावं, मनातला न्यूनगंड जावा, असं वडिलांचं म्हणणं. मुलाला ते पटलं नाही, आणि तसं तो तोंडावर सांगू शकला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर गेले. वडिलांना ते पसंत नव्हतं, तिथं जातीचा त्रास होईल ही धास्ती होती. थोड्याच दिवसांत तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले, तेव्हा रामजींची नजर त्यांनाच शोधत होती. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.